उशीररावांची चूक

१

माणूस किती चुकतो हे मोजायचं आणि शाईने वहीत लिहून ठेवायचं, ही पद्धत जगात फार ठिकाणी नसेल. नाही तेच बरं, नाहीतर एकाही घरात भांडी जागेवर राहिली नसती. त्या डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत मात्र ती पहिल्या दिवसापासून होती.

काम तसं साधं होतं. वरच्या मजल्यावर, छपराला लांब फट असलेल्या खोलीत, दोन दगडी खांबांवर दुर्बीण टेकवलेली. तिच्या नळीत मधोमध एक धागा ताणलेला, तोही खऱ्या कोळ्याच्या जाळ्यातला, कारण त्याहून बारीक आणि सरळ दुसरं काही मिळत नाही. रोज दुपारी काळ्या काचेतून सूर्य सरकत येताना दिसायचा. त्याची कड धाग्याला टेकली की दुर्बिणीशी बसलेला माणूस पितळी बोलनळीत तोंड घालून ओरडायचा, "आला!" ती नळी भिंतीतून खाली तळघरात उतरलेली. तिथे लंबकाच्या मोठ्या घड्याळासमोर बसलेला दुसरा माणूस वेळ टिपायचा. ढग असले तर "ढग" एवढंच लिहायचं, पण बसायचं. एकशे अठरा वर्षांत एकही दुपार चुकली नव्हती.

आता डोळ्याने पाहायचं आणि तोंडाने ओरडायचं यात थोडा वेळ जातोच. कुणाचा दोन दशांश सेकंद, कुणाचा तीन. म्हणून दर महिन्याला "खोट्या ताऱ्या"वर परीक्षा व्हायची. किल्लीवर चालणाऱ्या रुळावरून दिव्याचा एक ठिपका धाग्याकडे सरकायचा आणि टेकला की स्वतःच टिक् करायचा. ठिपक्याची टिक् आणि माणसाचं "आला" यांतलं अंतर म्हणजे त्या माणसाची चूक. ती "चुकांच्या वही"त चढायची आणि त्याच्या प्रत्येक वेळेतून वजा व्हायची.

या वहीतली सगळ्यात मोठी चूक वेधशाळेच्या सध्याच्या निरीक्षकाची होती. चार दशांश सेकंद! म्हणून सगळे त्यांना उशीरराव म्हणत. विनोद सांगितला की सगळे हसून, डोळे पुसून, चहाकडे वळायचे, आणि मग उशीरराव खो खो हसायचे. खाली तळघरात पेन्सिल धरून बसायची ती त्यांची बायको. तिला सगळे घड्याळबाई म्हणत. सव्वीस वर्षं नवरा वरून एक शब्द बोलत होता आणि बायको खाली एक आकडा लिहीत होती. "जगातला सगळ्यात कमी भांडणांचा संसार," असं त्यांची मुलगी म्हणायची. ती फार पूर्वीच शहरात राहायला गेली होती, त्यामुळे तिला तसं वाटणं साहजिक होतं.

२

पुढच्या वर्षी वेधशाळेला कुलूप लागणार होतं. महिन्यातून एकदा गाडीने वर येणाऱ्या साहेबांनी घड्याळबाईंना सांगितलं, "बाई, इतिहास तुम्हीच लिहा. जुनी अक्षरं तुमच्याशिवाय कुणाला लागत नाहीत. लोक वाचतील असं लिहा, किस्सेबिस्से टाका."

बाई रोज सकाळी दप्तराच्या खोलीत बसू लागल्या. पहिली काच आठ माणसांनी रजईत गुंडाळून अकरा दिवस चालत कशी वर आणली, ते लिहून झालं. वरच्या हाकेवर खालचं गाव घड्याळं कशी लावायचं, तेही झालं. आता गावाला या हाकेची गरज उरली नव्हती. पण कुणी थांबा म्हणालं नाही, म्हणून हाक चालू होती. सरकारी कामं अशीच अमर होतात.

त्याच आठवड्यात महिन्याची परीक्षा आली. ठिपका सरकला. "आला!" टिक्.

बाईंनी पेन्सिल टेकवली आणि थांबल्या. क्रम उलटा होता.

"पुन्हा एकदा बघा हो."

पुन्हा तेच. फरक अगदी केसाएवढा, अर्धा दशांश सेकंद. पण उशीरराव ठिपक्याच्या आधी ओरडले होते. बाईंनी वर जाऊन रूळ पुसला, तेल घातलं, किल्ली नव्याने दिली आणि खाली परतल्या. तिसऱ्यांदाही वजा.

"काय हो, सव्वीस वर्षांनी घाई कसली," त्या नळीतून वर म्हणाल्या, "गाडी चुकेल की..."

आणि वरून खो खो हसू आलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

३

मशीन जुनं आहे, असं बाईंनी स्वतःला समजावलं. बाई म्हणजे आकड्यांचं माणूस. अर्ध्या दशांश सेकंदाला घाबरायचं तर जगायचं कसं?

पण घरातही आकडे जमेनात. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात त्या पाठमोऱ्या उभ्या असायच्या. "चहा..." म्हणायला तोंड उघडलं की मागून "अर्धाच" येऊन जायचं. दाराची घंटा वाजायची ती उशीररावांनी "आलो!" म्हटल्यावर. एकदा टेबलाच्या कोपऱ्याशी त्यांच्याकडून "आई गं!" ऐकू आलं. बाईंनी वळून पाहिलं तर उशीरराव अजून खोलीत शिरत होते. मग त्यांचा गुडघा कोपऱ्यावर आपटला. ते मुकाट्याने गुडघा चोळत बसले.

रविवारी मुलीचा फोन आला. दहा मिनिटांत तिने वैतागून आईला मागितलं.

"आई, तुमच्या फोनमध्ये काहीतरी गडबड आहे. बाबा आधी उत्तर देतात, मग मी विचारते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! ते म्हणाले, 'निळा घे, निळा.' मी म्हटलं, कसला निळा? मग मला आठवलं की पडद्यांचं विचारायचं होतं. आणि मी विचारलं तेव्हा हे गप्प! दोरी दुरुस्त करणाऱ्याला बोलव."

"वायर गं, दोरी काय," बाई म्हणाल्या. हसल्याही. फोन ठेवल्यावर मात्र हात पुसायचं कापड त्यांनी तीनदा घडी घातलं.

"तुम्हाला काही वेगळं वाटतं का हो?" त्यांनी रात्रीच्या जेवणाला विचारलं. उत्तर त्या भात वाढत असतानाच येऊन गेलं होतं. "मला? छे. तुझ्याच कानात मळ असेल."

बाईंनी खरंच कानात तेल घातलं. दोन दिवस सगळं जग कापसातून ऐकू आलं. नवरा मात्र कापसातूनही आधीच ऐकू आला.

४

चुकांची वही त्यांनी पहिल्या पानापासून वाचली ती इतिहासासाठी. निदान सुरुवातीला तरी इतिहासासाठीच.

एकशे अठरा वर्षांत, उशीररावांच्या आधी, दुर्बिणीशी सात माणसं बसली. चौघं पाच-सात वर्षांत कंटाळून गेले. त्यांच्या चुका शेवटपर्यंत अधिक, म्हणजे हाक उशिरा, जशा माणसाच्या असाव्यात. तिघं मात्र वीस वर्षांहून जास्त बसले. एक आधी जमीनमोजणी करायचा, दुसरा शाळामास्तर होता, तिसरा घड्याळजी. एकमेकांना त्यांनी पाहिलेलंही नसणार. पण तिघांच्या आकड्यांची वाट एकच होती. वर्षानुवर्षं अधिक, मग शून्याजवळ, मग वजा. वजा पाव. वजा तीन. वजा चाळीस. त्यापुढे सेकंदांचा रकाना पुरेनासा झाला, म्हणून खाली बसणाऱ्या माणसाने समासात शब्द लिहिले होते.

मोजणीदाराच्या पानावर: "हाक सात मिनिटं आधी."

मास्तरांच्या पानावर, दुसऱ्याच अक्षरात: "हाक येते. माणूस बोलत नाही."

घड्याळजीच्या पानावर, तिसऱ्याच अक्षरात: "आज आवाज नाही. माणूस बरा आहे, जेवला." त्याच्या दुसऱ्या दिवशी: "जागा रिकामी."

बाईंनी मागची दोन पानं पुन्हा उघडली. तिघांच्याही शेवटी त्याच दोन नोंदी, त्याच क्रमाने. आधी आवाज नाही. मग, एका-दोन दिवसांत, जागा रिकामी. सरकारी कागदांत तिघांची कारणं वेगळी दिली होती. प्रकृती. घरी गेले. पत्ता नाही.

महिनाअखेरीला साहेब आले तेव्हा बाईंनी वही त्यांच्यासमोर ठेवली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

"मस्त किस्सा आहे," ते म्हणाले. "पण इतिहासात नको. वरचे लोक म्हणतील, शंभर वर्षं तुम्ही वेळ चुकीची सांगितलीत."

५

"नाही सोडणार मी," उशीररावांचा आवाज खोलीत म्हणाला. बाई तेव्हा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या आणि दुर्बिणीची खुर्ची सोडा म्हणून नवऱ्याला काय काय सांगायचं ते मनात जुळवत होत्या. उशीरराव स्वतः पायरीवर बसून बूट पुसत होते. तोंड मिटलेलं.

जो माणूस तुमचं म्हणणं ऐकायच्या आधीच नाही म्हणून मोकळा होतो, त्याच्याशी भांडायचं कसं? बाईंनी तरी ठरल्याप्रमाणे सगळं बोलून घेतलं. पायाही पडल्या. उशीररावांचे ओठ हलले, आणि बाईंना त्या ओठांवरून कळलं की हेच ते, मघाचं "नाही सोडणार".

आठवड्याभरात अंतर चाळीस मिनिटांवर गेलं. मग बाईंनी सरळ हिशेब केला. जे काही आहे ते त्या खुर्चीत आहे. माणूस खुर्चीत बसला नाही तर पुढचं टळेल. अकराच्या सुमाराला उशीरराव स्वयंपाकघरात शिरले तशी त्यांनी बाहेरून कडी घातली आणि तळघरात जाऊन घड्याळासमोर बसल्या.

अकरा वाजून वीस मिनिटांनी बोलनळीतून आवाज आला. "आला!"

त्या धावत वर गेल्या. खोली रिकामी. छपराची फटसुद्धा अजून उघडलेली नव्हती.

पंधरा मिनिटं सगळे कोपरे धुंडाळून जिना उतरताना त्यांना क्वार्टरकडून हाक ऐकू आली. घाबरलेली, ओळखीची. "अगं, दूध! दूध उतू गेलं!"

सव्वीस वर्षं संसार केलेली बाई या हाकेला थांबत नाही. कडी काढून त्या आत घुसल्या. गॅस बंद होता. दुधाचं पातेलं गार, झाकलेलं. उशीररावांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं, टोपी घातली आणि उघड्या दारातून वर निघून गेले.

दुपार झाली तेव्हा बाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. सूर्याची कड धाग्याकडे सरकत होती. उशीरराव नळीकडे वाकले, छाती फुगली, गळ्याची शीर ताठ झाली, तोंड उघडलं. खोलीत फक्त छपराच्या फटीतून येणारा वारा वाजत होता.

क्वार्टरवर परत येऊन बाईंनी चहाला दूध ठेवलं आणि भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. सव्वाबाराला मागे हालचाल झाली म्हणून वळल्या. दारात उशीरराव उभे, हात वर, तोंड उघडतंय, मिटतंय, उघडतंय.

बाईंच्या पाठीमागे दूध उतू गेलं होतं.

६

मग पाटी आली. मुलीची लहानपणची, लाकडी चौकटीची. उशीरराव त्यावर लिहायचे, "मला माझं बोलणं नीट ऐकू येतं. तूच उत्तर देत नाहीस." बाई लिहायच्या, "दिलं. काल." दोघंही हसायचे. हसू बाईंचंच तेवढं ऐकू यायचं.

एक गोष्ट मात्र बाईंनी पाटीवर भांडून मिळवली. दुर्बिणीशी आता बाई बसणार आणि तळघरात उशीरराव. दुपारही चुकायला नको आणि नवराही जायला नको. बाईंनी खोट्या ताऱ्यावर स्वतःची परीक्षा घेतली. अधिक दोन दशांश. चोख माणसाची चूक. शिवाय ते तिघं वीस-वीस वर्षं बसले होते. आपले मोजून दोन महिने, मग कुलूप. काळ्या काचेतून सूर्य पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांना वाटलं, कडेच्या थोडं पुढे आणखी काहीतरी सरकतंय. कडेसारखंच, पण उजेड नसलेलं. डोळ्याला सवय नाही, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या महिन्याची परीक्षा त्यांनी घेतली नाही. रुळाची किल्ली सापडत नाही असं वहीत लिहिलं. किल्ली त्यांच्याच पदराला बांधलेली होती.

उशीररावांचं अंतर काही थांबलं नाही. तासांवर गेलं. रिकाम्या खोल्यांतून त्यांचा आवाज बोलत असायचा, आणि बाई पेन्सिल घेऊन त्याच्यामागे फिरायच्या. कुठे, किती वाजता, काय. नंतर कधीतरी तिथेच उशीरराव येऊन ओठ हलवायचे आणि बाई वेळ वजा करायच्या. सहा तास. तेरा तास. एकतीस तास. एका पहाटे न्हाणीघरातून गाणं ऐकू आलं. उद्या दुपारी नवरा खुशीत असणार, एवढं त्यांना कळलं. किती बायकांना एवढंही कळतं?

७

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी, उशीररावांचा आवाज आला.

"नाही गं," तो म्हणाला. अगदी मऊ. "आता कशाला विचारलंस?"

बाईंनी लिहून घेतलं आणि पुढच्या वाक्याची वाट पाहिली. दहा वाजले. बारा वाजले. त्या वर जाऊन दुपारची हाक देऊन आल्या. चार वाजले. त्या न्हाणीघरात उभ्या राहिल्या, स्वयंपाकघरात, पायरीवर, दप्तराच्या खोलीत. रात्री झोपायच्या खोलीत जाग्याच बसून राहिल्या. शेजारी उशीरराव गाढ झोपले होते. घोरण्याचा आवाज नव्हता. तो कालच घोरून झाला होता.

बुधवारी उजाडलं तेव्हा वजाबाकी करायची गरज नव्हती, तरी त्यांनी केली. नऊ दहामध्ये एकतीस तास मिळवले. आज, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

उशीरराव ठणठणीत होते. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. त्यांना सांगायचं की नाही यावर बाईंनी पाटी तीनदा हातात घेतली आणि तीनदा ठेवली. मग त्यांना एक सुचलं, आणि तेवढं सुचल्याबरोबर अंगात जीव आला. ते शेवटचं वाक्य उत्तर होतं. उत्तराला आधी प्रश्न लागतो. प्रश्न त्यांनी विचारायचा होता, या घरात दुसरं होतंच कोण? विचारलाच नाही तर? एकशे अठरा वर्षांत त्या तिघांच्या शेजारी जे कोण होतं त्याला हे सुचलं नसेल. दूध त्यांनी उतू जाऊ दिलं होतं ते बेसावध होत्या म्हणून. आज त्या सावध होत्या.

८

साडेतीन वाजता त्यांनी फोनची वायर काढली. बाहेरच्या दाराला कुलूप घातलं. पावणेचारला तांब्याभर पाणी घेऊन टेबलाशी बसल्या आणि त्यातला मोठा घोट तोंडात धरला. स्वतःच्या जिभेवर त्यांचा विश्वास नव्हता. कुठल्या शहाण्या माणसाचा असतो?

समोर उशीरराव मटार सोलत होते. बायकोचे फुगलेले गाल बघून त्यांनी भुवया उडवल्या. पाटी ओढून लिहिलं, "दाढ दुखते?" बाईंनी मान हलवली. हो की नाही ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

चार. चार वाजून पाच. दाणे वाटीत टप टप पडत होते. बाई नवऱ्याच्या ओठांकडे बघत होत्या. नाकाने श्वास घेत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं ते येऊ देत होत्या, ते काही प्रश्न विचारत नाही. चार वाजून आठ. नऊ. पाणी तोंडात कोमट झालं होतं. आणखी दोन मिनिटं काढली की वाक्याची वेळ टळली, आणि वाक्य टळलं की माणूस राहिला. त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

स्वयंपाकघरात कुणीही नव्हतं.

तिथून बाईंचाच आवाज आला. थकलेला, रडून बसलेला, रिकाम्या घरात एकटं माणूस स्वतःशी बोलतं तसा.

"अहो, तेव्हा भीती वाटली का हो तुम्हाला?"

उशीररावांनी चमकून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग वळून बायकोकडे पाहिलं. तिच्या फुगलेल्या गालांकडे, तोंडावर दाबलेल्या हातांकडे. नेहमीप्रमाणे त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा मऊ झाला आणि ओठ हलले. आधी दोन शब्द. थांबले. मग आणखी तीन.

बाईंनी डोळे मिटून घेतले.

अर्धवट सोललेली शेंग टेबलावर पडली. तिचा आवाज मात्र अगदी वेळेवर आला.